बातमीतला ‘कुठे’

लिलाव सुरू व्हायच्या अर्धा तास आधी मी लासलगावच्या बाजार आवारात असतो. अठ्ठावीस वर्षं हा शिरस्ता आहे. ट्रॅक्टरच्या ओळी लागलेल्या असतात. रात्री दोनला घरून निघालेला शेतकरी ट्रॉलीवर उभा राहून वरचा कांदा हाताने सारखा करत असतो. मग व्यापाऱ्यांचा घोळका एका ट्रॉलीपासून दुसऱ्या ट्रॉलीकडे सरकू लागतो. कोणी दोन कांदे उचलून मुठीत दाबून बघतो, कोणी वरची पत्ती सोलून रंग बघतो, कोणी हात खोल खुपसून खालचा माल वर काढतो. पुकारा होतो, बोली चढते, थांबते, आणि अर्ध्या मिनिटात चार महिन्यांच्या कष्टाचा आकडा चिठ्ठीवर उतरतो. शेतकरी चिठ्ठी वाचतो तेव्हा मी त्याच्या चेहऱ्याकडे बघतो. भाव मला त्या चेहऱ्यावरूनच कळतो, वहीत तो नंतर लिहितो.

वहीत चार गोष्टी असतात. आवक, कमीत कमी, जास्तीत जास्त, सरासरी. हे आकडे इथून निघतात आणि दिल्ली, चेन्नई, कोलंबो, ढाक्यापर्यंत जातात. पण त्यांच्याआधी ‘लासलगाव’ हा शब्द नसेल तर त्यांना काही किंमत नाही. सरासरी अठराशे म्हणजे कुठले अठराशे? म्हणून मी बातमीदारीच्या या धंद्यात आल्या आल्या जी गोष्ट शिकलो ती हीच, की बातमीत ‘कुठे’ पक्कं पाहिजे.

तेव्हा बातमी कागदाच्या एका बाजूला हाताने लिहायची, पाकिटात घालायची आणि दुपारच्या एसटीच्या वाहकाच्या हाती द्यायची. नाशिकच्या स्टँडवर कचेरीतला शिपाई येऊन पाकीट घेऊन जाई. एकदा घाईत मी अपघाताच्या बातमीत फाट्याचं नाव लिहायला विसरलो. दुसऱ्या दिवशी आमच्या वृत्तसंपादकांनी फोनवर एवढंच सांगितलं, “कुठे, हे ज्यात नाही ती बातमी नव्हे, ती अफवा.” मी ते मनावर कोरून ठेवलं. पुढे अनेक वर्षं माझ्या बातमीत गाव, वस्ती, गट नंबर, ओढ्याचं नावसुद्धा असे. या चोखपणाचा मला अभिमान होता.

पक्ष्यांचा नाद मला लागला तो एका शिक्षक मित्रामुळे. रविवारी पहाटे त्याने मोटारसायकलवर बसवलं आणि विंचूरमार्गे थेट नांदूरमध्यमेश्वरला नेलं. गोदावरी आणि कादवेच्या संगमावरचा हा बंधारा ब्रिटिशांच्या काळातला. कालव्यांनी खाली कोपरगावाकडे पाणी न्यायचं म्हणून तो बांधला. पण दरवर्षी पुराबरोबर आलेला गाळ बंधाऱ्यात साचत गेला, उथळ पाणी आणि चिखलाची बेटं तयार झाली, पाणवनस्पती वाढल्या आणि पाटबंधाऱ्याच्या दृष्टीने जे नुकसान होतं ते पक्ष्यांना घर झालं. १९८६ साली इथे अभयारण्य जाहीर झालं. २०१९ मध्ये ही जागा पाणथळींच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेली, महाराष्ट्रातली पहिली पाणथळ. लोणार आणि ठाण्याची खाडी त्यानंतरच्या.

त्या पहिल्या सकाळी चापडगावच्या काठावर धुकं इतकं दाट होतं की पाणी दिसत नव्हतं, फक्त आवाज येत होता. थंडीची बातमी मी कैकदा दिली होती, कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा किती अंशांवर आला, द्राक्षबागेत शेकोट्या कशा पेटल्या, वगैरे. पण ती थंडी अंगावर घेत तासभर न बोलता बसायची पाळी प्रथमच आली. धुकं विरलं तसे आधी वारकरी दिसले, काळे, पांढऱ्या कपाळाचे, शेकड्यांनी. मग हळदी-कुंकू बदकं, थापट्या, चक्रवाकांच्या जोड्या, काठीसारख्या लांब गुलाबी पायांचे शेकाटे. एक दलदल ससाणा पाण्यावरून हात-दीड हाताच्या उंचीने गेला आणि सगळं पाणी एकदम उठलं. त्या एका क्षणात मला कळलं की माझ्या तालुक्यात असं काही आहे ज्यावर मी आजवर एक ओळही मजकूर दिलेला नाही.

त्यानंतर मी मारुती चितमपल्लींचा ‘पक्षिकोश’ मिळवला. दर रविवारी कुठेतरी जायचं ठरवलं. नांदूरमध्यमेश्वर, येवल्याकडचं ममदापूरचं काळविटांचं रान, चांदवडच्या बाजूचे डोंगर, आणि डोंगरांतून उतरणारे ओढे.

आता जे सांगतो ते माझ्या हातून झालं आहे.

एका फेब्रुवारीत एका ओढ्याच्या काठाने चाललो होतो. मेंढ्या चारणारे एक बाबा ओळखीचे झाले होते. त्यांनी हाताने थांबवलं, बोट ओठावर ठेवलं आणि पलीकडच्या दरडीकडे नजर वळवली. मला आधी माती आणि मुळं एवढंच दिसलं. मग त्या मातीला दोन केशरी डोळे आले. शृंगी घुबडाची मादी. दरडीच्या खोबणीत उघड्या मातीवर बसलेली, डोक्यावर पिसांची दोन शिंगं, अंगावर दगडाचा, वाळल्या गवताचा रंग. हा पक्षी घरटं म्हणून काही बांधत नाही. खोबणीत जरा माती उकरतो, तेवढंच. तिच्या पोटाखाली तीन पिल्लं होती, मळकट कापसाच्या बोळ्यांसारखी. दरडीखाली तिने ओकलेल्या गोळ्यांचा सडा होता. मी एक गोळी काडीने फोडली. आत केस, आणि केसांत उंदरांच्या दोन अख्ख्या कवट्या, दातांसकट. बाबा म्हणाले, “रोज रात्री दोन-चार तरी उचलती. गव्हाचं रान राखती ती.”

मी फोटो काढले. चांगले आले. घरी येऊन बातमी लिहिली, मनापासून लिहिली. घुबड अशुभ नाही, ते शेतकऱ्याचं मित्र आहे, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्याला संरक्षण आहे, हे सगळं त्यात होतं. आणि सवयीप्रमाणे ‘कुठे’ होतं. गावाचं नाव, ओढ्याचं नाव, फाट्यापासून किती अंतर. दोन कॉलम, फोटोसकट, चांगल्या जागी छापून आली. चार लोकांनी फोन करून कौतुक केलं.

बातमी गुरुवारी आली. रविवारी त्या ओढ्याला मोटारसायकली लागल्या होत्या. मी नव्हतो, मला हे नंतर कळलं. पोरं दरडीच्या वरून वाकून बघत होती, मादी उडावी म्हणून कुणी खडे टाकले, कुणी खाली उतरून मोबाइल पिल्लांच्या तोंडाशी नेला. मंगळवारी मी गेलो तेव्हा खोबण रिकामी होती. एक पिल्लू खाली मरून पडलं होतं, त्याला मुंग्या लागल्या होत्या. बाकीच्या दोघांचं काय झालं ते मला आजही सांगता येत नाही. अमावास्येच्या तोंडावर घुबडाला गिऱ्हाईक असतं, हे आमच्या भागात सगळ्यांना ठाऊक आहे. मादी समोरच्या बाभळीवर भर दुपारी बसली होती आणि कावळे तिला टोचत होते.

बाबांना भेटलो. ते रागावले नाहीत. म्हणाले, “भाऊ, मी तुम्हाला दाखवलं. तुम्ही गावाला दाखवलं.”

त्यानंतर त्यांनी मला काही दाखवलं नाही. रस्त्यात भेटले की रामराम होई, मेंढ्यांची विचारपूस होई, पण ओढ्याचं नाव निघत नसे.

मी हे कुणाच्या तरी माथी मारू शकलो असतो. पोरांनी खडे टाकले, मी नाही. पण त्या पोरांना तिथवरचा रस्ता माझ्या वाक्याने दाखवला होता, आणि ते वाक्य बातमीच्या नियमाला धरून होतं. चूक असती तर दुसऱ्या दिवशी दुरुस्ती छापता आली असती. बरोबर वाक्याची दुरुस्ती कशी छापणार? ज्या नियमाने भावाची बातमी खरी ठरते, त्याच नियमाने पिल्लू मरतं, हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं. मी मग या ‘कुठे’चा विचार करू लागलो, आणि जितका केला तितकं दिसलं की आमच्या धंद्यात तो शब्द उलटा वापरला जातो. जिथे झाकायचा तिथे ठळक छापतो, आणि जिथे ठणकावून सांगायचा तिथे गाळतो.

गोदावरीच्या पुराचं घ्या. नाशिकला पाणी चढलं की सगळ्या वाहिन्यांचे कॅमेरे रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीवर लागतात. कमरेपर्यंत पाणी, छातीपर्यंत, गळ्यापर्यंत. नाशिककरांचं ते पिढीजात माप आहे आणि त्यात गैर काही नाही. पण मारुतीच्या कमरेखाली पाणी उतरलं की पूर ओसरल्याची बातमी लागते, आणि नेमक्या त्याच वेळी तो फुगवटा खाली आमच्या निफाड तालुक्यात पोहोचत असतो. २०१६ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०१९ च्या ऑगस्टमध्ये सायखेडा आणि चांदोरी पाण्यात होती. मी सायखेड्याच्या बाजूला गुडघाभर पाण्यात उभा राहून फोनवर बातमी सांगत होतो आणि पलीकडून प्रश्न आला, “पण पाणी उतरलं ना?” नाशिकला उतरलं होतं. इथे बाजारपेठेतली दुकानं बुडाली होती, गावातली पोहणारी पोरं ट्यूब टाकून म्हाताऱ्या माणसांना बाहेर आणत होती. नदीला पुरवणीची हद्द ठाऊक नसते. आमच्या पानांना मात्र असते. शहराचं पान वेगळं, तालुक्याचं वेगळं, आणि पाणी या पानावरून त्या पानावर येताना मधे कुठेतरी बातमीतून गळून जातं.

जलपर्णीचं, म्हणजे पानवेलींचंही तेच. शहरात गोदावरी प्रदूषित झाली की ती शहराची बातमी. तेच सांडपाणी खाली येतं, त्यातल्या खतावर पानवेली माजतात, त्या वाहत येऊन आमच्या बंधाऱ्याच्या फुगवट्यात अडकतात आणि जिथे बदकं उतरायची ते उघडं पाणी हिरव्या गालिच्याखाली जातं. फोटोत तो गालिचा सुंदर दिसतो. मी स्वतः एका छायाचित्रकाराला त्याचा फोटो ‘निसर्गसौंदर्य’ म्हणून काढताना पाहिलं आहे. त्याला मी जवळ बोलावून पानवेलीचं एक झुडूप उचलून दाखवलं. खालची मुळं काळी, पिंजलेल्या केसांसारखी, आणि त्यांना येणारा वास. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने त्या मुळांचा फोटो काढला. तो छापून आला की नाही, मला माहीत नाही.

आणि खुद्द लासलगावचं काय? १९९८ साली मी या कामात नवा होतो. कांदा कडाडला, दिल्लीच्या निवडणुकीत तो गाजला, आणि देशभरात आमच्या गावाचं नाव झालं. तेव्हापासून पाहतो आहे, भाव वर गेला की कॅमेऱ्याच्या गाड्या येतात आणि गृहिणींच्या डोळ्यांत पाणी आल्याची बातमी करतात. भाव मातीमोल झाला की गाड्या येतात, पण कुणी ट्रॉली रस्त्यावर ओतली तरच. ८ डिसेंबर २०२३ ला निर्यातबंदी आली, लिलाव बंद पडले, चांदवडला महामार्ग रोखला गेला, तेव्हा आवारात कॅमेऱ्यांची दाटी झाली होती. ज्या दिवशी लिलाव पूर्ववत झाले त्या दिवशी आम्ही दोघे-तिघे होतो. निर्यातबंदीच्या पंधरवडाभर आधी, २६ नोव्हेंबरला, निफाड तालुक्यात गारा पडल्या होत्या. द्राक्षाचे घड फुटून खाली पडले होते, कांद्याची पात झोडपून आडवी झाली होती. गारपिटीची एक दिवस बातमी झाली, पण ती गारपीट आणि ते कांद्याचं दुखणं एकाच शेतातलं, एकाच माणसाचं, हे कुणी जोडून सांगितलं नाही. हवामान पर्यावरणाच्या खात्यात गेलं, भाव बाजाराच्या खात्यात. शेतकऱ्याला अशी दोन खाती नसतात. चाळीत साठवलेला उन्हाळ कांदा दमट हवेने सडू लागतो तेव्हा तो चाळीच्या फटीत नाक लावून वास घेतो. हवामानाचा अहवाल त्याला तिथे मिळतो. मी या चाळीच्या वासावर एक बातमी लिहिली होती. माझ्या अठ्ठावीस वर्षांतल्या ज्या चार-पाच बातम्या मला जपून ठेवाव्याशा वाटतात, त्यांतली ती एक आहे.

डोंगरांकडे मी उशिरा वळलो, चाळिशी ओलांडल्यावर. आमच्या उत्तरेला सातमाळ्याची रांग सकाळी स्वच्छ दिसते. चांदवड, इंद्राई, राजदेहेर, कोळदेहेर, आणि दूर पश्चिमेला धोडप, त्याच्या कातळभिंतीतली खाच ओळखली की दुसरा किल्ला वाटूच शकत नाही. माझा आवडता इंद्राई. पायथ्याच्या वडबाऱ्याकडून चढायला लागलं की आधी झुडपं, मग गवताचा दांड, मग एकदम कातळ, आणि त्या कातळात चिंचोळी नाळ फोडून काढलेल्या पायऱ्या. दोन्ही बाजूंना भिंत, वर आकाशाची पट्टी. उन्हाळ्यातसुद्धा त्या नाळेत गारवा असतो. पायऱ्या संपता संपता कातळावर फारसी शिलालेख आहे, शाहजहानच्या फौजेने हे किल्ले घेतल्याचा. म्हणजे तीनशे ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वीची ती बातमीच, दगडात कोरलेली, आणि ज्या जागी घडली त्याच जागी. वाचायची तर एवढं चढून यायला हवं. पहिल्यांदा तो लेख पाहिला तेव्हा मी बाटलीतलं पाणी पीत बराच वेळ त्याच्यासमोर बसलो होतो.

मागे एका पावसाळ्यात माझी भाची बरोबर आली. ती एका बातमीच्या ॲपसाठी काम करते, हुशार आहे, मेहनती आहे. नाळेतून पाणी वाहत होतं, धुकं होतं, तिने सुंदर चित्रण केलं. वर गुहेत बसून भाकरी खाताना म्हणाली, “मामा, लोकेशन टाकू का? लोकेशन टाकलं की बघणारे दहापट होतात.”

मी तिला हरिहरची गोष्ट सांगितली. त्र्यंबकजवळचा तो किल्ला, त्याच्या जवळजवळ उभ्या पायऱ्या. मी गेलो होतो तेव्हा वाटेत दोन गुराखी भेटले होते. मग त्या पायऱ्यांची चित्रणं हातोहात फिरली आणि सुट्टीच्या दिवशी तिथे चढणारे आणि उतरणारे एकाच खोबणीत बोटं अडकवून तासन्‌तास खोळंबू लागले. २०२४ च्या जूनच्या शेवटी लोणावळ्याला भुशी धरणाच्या मागे एकाच कुटुंबातली माणसं वाहून गेली, ते दृश्य तिनेही पाहिलं होतं. ती म्हणाली, “पण मामा, लोकांनी यायचंच नाही का? तुम्ही एकट्याने बघायचं?”

तिचा प्रश्न खरा होता. मला लगेच उत्तर देता आलं नाही. खाली उतरताना पाय घसरत होता म्हणून आम्ही फार बोललो नाही, आणि ते बरं झालं, मला विचार करायला वेळ मिळाला. वडबाऱ्यात चहा घेताना मी तिला सांगितलं, इंद्राईचं नाव टाक. किल्ला कुणाच्या बापाचा नाही, माझा तर नाहीच. पण नावासोबत हेही टाक की पावसात नाळेतल्या पायऱ्यांवर शेवाळ असतं, वर पाण्याची टाकी आहेत त्यांत हात-पाय धुवायचे नाहीत, गावातून कुणाला तरी सोबत घ्यायचं आणि त्याची मजुरी द्यायची. तिने ते टाकलं. बघणारे दहापट झाले नाहीत. पण वडबाऱ्याच्या एका पोराने पुढच्या महिन्यात फोन केला, चार जण त्याचं नाव विचारत आले होते.

बिबट्याच्या बाबतीत मात्र मी अजून अडखळतो. आमच्या ऊसपट्ट्यात ऊसतोडीला बछडे सापडतात. वनखात्याची माणसं त्यांना त्याच रात्री त्याच सरीत खोक्यात ठेवतात, आई येते आणि उचलून नेते. पण ते साधायचं तर रात्री तिथे माणूस नको. संध्याकाळी पाचला बातमी दिली तर सातला शंभर माणसं. दिली नाही तर शेजारच्या वस्तीवरच्या बाईला कळायचं कसं की रात्री लेकराला अंगणात सोडू नकोस? अशा वेळी मी बातमी थांबवतो आणि वस्तीवर स्वतः जाऊन सांगतो. एकदा असं तीन घरं फिरताना माझी बातमी दुसऱ्या कुणी आधी दिली आणि मला कचेरीतून बोल ऐकावे लागले. बोल ऐकले. आई पहाटे दोन्ही बछडे घेऊन गेली होती.

दर जानेवारीत नांदूरमध्यमेश्वरला पाणपक्ष्यांची गणना होते, तेव्हा मी वही घेऊन जातो. त्या बातमीत ‘कुठे’ ठळक असतं. खानगाव थडी, चापडगाव, मांजरगाव, सगळी नावं. तिथे वनरक्षक आहेत, निरीक्षण मनोरे आहेत, गावातली तरुण मुलं दुर्बीण घेऊन वाट दाखवतात आणि त्यावर त्यांचं घर चालतं. आणि तिथे पाणी कमी झालं, पानवेली वाढल्या, तर त्याची तक्रार करायला लोकांनी ती जागा पाहिलेली असली पाहिजे.

माझी दुसरी एक वही आहे. तिच्यात तारीख, वेळ, काय पाहिलं, किती, एवढंच असतं. गाव नसतं. त्या वहीतलं मी छापत नाही.

गेल्या डिसेंबरात बाबांचा मुलगा बाजारात भेटला. बाबा आता मेंढ्यांमागे जात नाहीत, गुडघे गेले. मुलगा कांद्याची पिकअप घेऊन आला होता. भाव बरा निघाला होता. चिठ्ठी खिशात घालून तो जवळ आला आणि हळू म्हणाला, “बाबांनी निरोप दिलाय. या एकदा.”

मी गेलो. दुसरा ओढा, दुसरी दरड. बाबा काठी टेकत पार काठापर्यंत आले, मुलगा मागे उभा राहिला. यंदा दोन पिल्लं होती. कॅमेरा मी गाडीतच ठेवला होता. बाबांनी ते पाहिलं, काही बोलले नाहीत, आणि खाली बसून पिशवीतून तंबाखू काढली.

फेब्रुवारीच्या शेवटी, सकाळी साडेआठला, मी आवारात शिरत होतो तेव्हा मुलाचा फोन आला. दोन्ही उडाली. मी गाडी बाजूला घेतली, दुसरी वही काढली, तारीख टाकली, ‘२ उडाली’ असं लिहिलं, आणि वही बंद करून लिलावाकडे गेलो. लाल कांद्याची आवक भरपूर होती.